डाय-सब प्रिंटरवरची छायाचित्रे: ३०० डीपीआय खरोखर कमी पडतात का?

उजेडवेडा (धागाकर्ता)

पिगमेंट शाईच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईच्या) इंकजेटवर बरीच वर्षे काम केल्यानंतर दोन वर्षांपूर्वी मी सहा इंची रोलवर चालणारा डाय-सब्लिमेशन प्रिंटर घेतला. घेताना हेतू अगदी मर्यादित होता. इंकजेट महिनाभर न वापरता पडून राहिला की त्याची नोझल्स चोंदतात, ती साफ करण्यात शाई वाया जाते आणि चार बाय सहाच्या पाच प्रिंटांसाठी एवढा उपद्व्याप नकोसा होतो, इतकीच माझी तक्रार होती. आज मात्र हातात धरून पाहायचे, अल्बममध्ये लावायचे किंवा कुणाला द्यायचे जे छायाचित्र असेल ते मी डाय-सबवरच छापतो. मोठा आकार आणि मॅट कलाकागद एवढीच कामे इंकजेटकडे उरली आहेत. तरीही या यंत्राचा विषय निघाला की ‘पण तो ३०० डीपीआयचाच असतो ना?’ हा प्रश्न ठरलेला असतो (डीपीआय म्हणजे दर इंचामागचे बिंदू). धागा काढण्याचे एक कारण हा प्रश्न आहे आणि दुसरे कारण माझी स्वतःची एक अडचण आहे, ती शेवटी मांडतो.

आधी यंत्र नेमके काय करते ते पाहू. रिबन म्हणजे पातळ प्लास्टिकची पट्टी असून तिच्यावर पिवळा, मॅजेंटा (गडद गुलाबी), सायन (हिरवट निळा) आणि पारदर्शक ओव्हरकोट असे चार पट्टे याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येक पट्टा प्रिंटच्या आकाराएवढा असतो. थर्मल हेडवर रुंदीभर सूक्ष्म तापक एका रांगेत बसवलेले असतात, दर इंचाला ३००. रिबन आणि कागद एकमेकांना चिकटून या रांगेखालून सरकतात. जिथे तापक अधिक तापतो तिथे कागदावरच्या पॉलिमरच्या थरात अधिक रंग उतरतो आणि जिथे कमी तापतो तिथे कमी उतरतो. कागद चार वेळा फिरतो. कॅननच्या सेल्फी (Selphy) या प्रिंटरसारख्या छोट्या यंत्रात हे सगळे डोळ्यांसमोर घडते: आधी नुसते पिवळे, भुतासारखे चित्र बाहेर डोकावते, दुसऱ्या फेरीत ते नारिंगी-तांबडे होते, तिसऱ्या फेरीत सायन चढला की एकदम आकाश निळे, पाने हिरवी आणि सावल्या काळ्या होतात, आणि चौथ्या फेरीत त्यावर चकाकी येते. कितीही वेळा पाहिले तरी मी हातातले काम थांबवून ते पाहतो.

आता ३००चा मुद्दा. डाय-सबचा प्रत्येक बिंदू स्वतःच फिका किंवा गडद होऊ शकतो. एका रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर तीन रंगांची मिळून एक कोटी ६७ लाखांहून अधिक मिश्रणे एकाच बिंदूवर शक्य होतात. इंकजेटमध्ये थेंब पडतो किंवा पडत नाही, त्यामुळे फिकट छटा दाखवायची तर थेंब विरळ पसरावे लागतात. २४०० डीपीआयच्या जाळीतला ८ बाय ८चा चौकोन एक घर मानला तर इंचाला ३०० घरे होतात आणि प्रत्येक घरात एका शाईच्या ६५ पायऱ्या मिळतात. थोडक्यात, जाहिरातीतले २४०० आणि डाय-सबचे ३०० ही एकाच गोष्टीची मापे नाहीत. शिवाय निरोगी डोळा साधारण एक कोनीय मिनिटाएवढे अंतर वेगळे ओळखतो असे धरले, तर ३० सेंटिमीटरवरून पाहताना ते अंतर कागदावर ०.०८७ मिलिमीटर भरते, म्हणजे इंचाला सुमारे २९० बिंदू. हातात धरलेल्या प्रिंटला ३०० पुरतात, ते यामुळे. लॅबमध्ये चांदीच्या क्षारांच्या कागदावर लेसरने प्रिंट काढणारी बहुतेक यंत्रेही ३००च्या आसपासच काम करतात, आणि त्यांच्या प्रिंटला कुणी दाणेदार म्हणत नाही.

मात्र यंत्राला हवे तेवढेच पिक्सेल मोजून द्यावे लागतात. माझ्या यंत्राला कडेपर्यंतच्या चार बाय सहाच्या प्रिंटसाठी १२४० बाय १८४४ पिक्सेल लागतात. निव्वळ हिशेबाने १२०० बाय १८०० पुरायला हवेत, पण वरचे पिक्सेल कापणीच्या सोयीसाठी असतात आणि प्रत्येक कडेला पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास चित्र कापले जाते. कॅमेऱ्यातली ६००० बाय ४०००ची फाइल तशीच ड्रायव्हरच्या (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) हवाली केली, तर ती लहान कशी करायची हे तो ठरवतो आणि पापण्या, गवत, विणलेले कापड अशा बारीक पोतात त्याचा हलगर्जीपणा दिसतो. त्यामुळे फाइल मी स्वतःच नेमक्या पिक्सेलमध्ये आणतो.

आता अडचण. फिकट भिंतीसमोर काळ्या केसांचे पोर्ट्रेट छापले, की केसांच्या बाहेरच्या कडेला केसाएवढीच बारीक पांढरी रेघ दिसते. पडद्यावर ती नाही, आणि त्याच फाइलच्या इंकजेट प्रिंटमध्येही नाही. हे यंत्राचेच लक्षण समजून सोडून द्यावे का?

कागदकिडा

लेख आवडला, पण ८ बाय ८चा हिशेब आजच्या इंकजेटवर अन्याय करणारा आहे. आताच्या हेडमधून एकाहून अधिक आकारांचे थेंब पडतात, फिकट सायन, फिकट मॅजेंटा आणि दोन-तीन करड्या शाया जोडीला असतात, आणि थेंबांची वाटणी ठरीव चौकोनात न होता एका बिंदूच्या छटेत राहिलेली चूक शेजारच्या बिंदूंवर सोपवत केली जाते. चांगल्या कागदावर छापलेल्या प्रिंटमधले थेंब मला तरी भिंगाशिवाय दिसत नाहीत.

सलग छटांच्या बाबतीत डाय-सब उत्तम आहे हे मान्यच आहे. धुक्यातली टेकडी, गालावरून मानेकडे सरकणारी सावली किंवा संध्याकाळचे रिकामे आकाश या गोष्टी त्याच्यावर फार सुंदर येतात. दर्जाला आणखीही अंगे आहेत, मात्र. दहा-बारा पिगमेंट शायांची रंगव्याप्ती तीन रंगांच्या रिबनला गाठता येत नाही आणि गर्द निळे व खोल हिरवे यांत हा फरक उघड दिसतो. कागद निवडण्याची मुभाही नाही. यंत्राच्या उत्पादकाने रिबनसोबत दिलेला कागद वापरायचा. कापसाच्या लगद्याच्या जाड कागदाचा स्पर्श ज्याला हवा आहे त्याचे डाय-सबवर समाधान होणार नाही.

पांढऱ्या रेघेबद्दल एकच विचारतो. ड्रायव्हरमध्ये शार्पनेसचा पर्याय किती अंकावर ठेवला आहे?

रिबनवाला

मी समारंभांत जागेवर प्रिंट काढून देण्याचे काम करतो आणि डाय-सबची तीन यंत्रे माझ्या हाताखालून गेली आहेत. धागाकर्त्याच्या रेघेची दोन कारणे संभवतात आणि ती ओळखायला एक सोपी चाचणी आहे.

पहिले कारण कागदकिडा यांनी सुचवलेच आहे. बरेच ड्रायव्हर आपल्या मनाने शार्पनिंग करतात, म्हणजे कडांचा उठाव वाढवतात, आणि तो आकडा मुळातच शून्याच्या वर ठेवलेला असतो. फाइल आधीच धारदार केलेली असेल तर त्यावर दुसरा हात फिरतो आणि काळ्या कडेबाहेर पांढरी किनार उमटते.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. तापक काळा बिंदू छापून पुढच्याच ओळीत पांढऱ्यावर आला तरी क्षणात थंड होत नाही, आणि बराच वेळ पांढऱ्यावर थांबलेला तापक गडद भागात शिरल्यावर लगेच पूर्ण तापत नाही. हा उष्णतेचा मागचा हिशेब यंत्र ठेवते आणि पुढच्या ओळींचे तापणे त्याप्रमाणे कमी-जास्त करते. ही भरपाई गरजेपेक्षा जास्त झाली, तर कडेला फिकट किंवा गडद सावली राहते. ती नेहमी कागद सरकण्याच्या दिशेनेच पडते, आडव्या दिशेने पडत नाही.

म्हणून चार इंची चौरस चित्र चार बाय सहाच्या कोऱ्या फाइलमध्ये ठेवा आणि एक प्रिंट सरळ काढा. मग आतले चित्र ९० अंशांत फिरवून दुसरी प्रिंट काढा. रेघ केसांच्या चहूबाजूंनी असेल आणि चित्राबरोबर फिरत असेल, तर तो शार्पनिंगचा प्रताप आहे. चित्र फिरवूनही रेघ कागदाच्या त्याच दिशेला राहिली, तर ती उष्णतेची आहे आणि तिच्यावर तुमच्या हातात फारसे काही नाही.

याच कारणाने प्रोफाइल (यंत्र कोणता रंग कसा छापते याची मोजून केलेली नोंद) बनवण्यासाठी रंगांच्या चौकटी छापताना त्या क्रमाने लावू नयेत, विस्कटून लावाव्यात. ओळीने सगळ्या गडद चौकटी आल्या, तर त्यांच्यानंतरच्या फिकट चौकटीचे माप बिघडू शकते. थंड यंत्राची पहिली प्रिंटही मी कधी मोजमापासाठी धरत नाही.

नवशिका

माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. कपांवर आणि टी-शर्टवर चित्रे छापतात त्यालाही सब्लिमेशनच म्हणतात. ते आणि हे एकच आहे का? असेल तर एकाच यंत्रात दोन्ही होईल का?

उजेडवेडा

प्रश्न अगदी रास्त आहे, कारण नावामुळे सगळ्यांचाच गोंधळ होतो. कपांवरच्या पद्धतीत विशिष्ट रंगांची शाई भरलेला इंकजेट आधी एका कागदावर उलटे चित्र छापतो आणि मग तो कागद वस्तूवर दाबून सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो. त्या उष्णतेत रंग द्रव न होता सरळ वायुरूप होतात आणि पॉलिएस्टरमध्ये किंवा पॉलिएस्टरच्या लेपात शिरतात. कापडावरच्या या छपाईची सुरुवात फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी १९५७ साली केली. सुती कापडावर ती टिकत नाही, याचे कारणही हेच आहे, की रंगाला शिरायला तिथे पॉलिएस्टर नसते.

आपल्या छायाचित्रांच्या प्रिंटरमध्ये रिबन आणि कागद एकमेकांना टेकलेले असतात आणि रंग मुख्यतः एका थरातून दुसऱ्या थरात झिरपत जातो. सुरुवातीला तिथेही रंग वायुरूप होतो अशी समजूत होती आणि नाव त्या समजुतीतून चिकटले. अभ्यासक त्याला रंग-विसरणाची औष्णिक छपाई म्हणणे पसंत करतात. सोनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माविका या फिल्मविरहित कॅमेऱ्याच्या जोडीला माविग्राफ नावाचा प्रिंटर आणला, तो याच वंशाचा होता. त्यामुळे एका यंत्रात दोन्ही कामे होणार नाहीत.

पत्रालेख

उलट्या चित्राच्या पद्धतीला केवळ कपांपुरते ठेवू नये, म्हणून लिहीत आहे. पांढरा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर याच पद्धतीने काढलेली छायाचित्रे मी गेली काही वर्षे प्रदर्शनांसाठी वापरत आहे. रंग लेपाच्या आत गेलेला असल्याने पृष्ठभागावर काच लावावी लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते आणि पाण्याच्या किंवा धातूच्या दृश्यांना विलक्षण खोली येते. नाजूक फिकट छटा मात्र दाबाच्या यंत्राच्या तापमानावर आणि वेळेवर अवलंबून असतात. एका कोपऱ्यात दाब किंचित कमी पडला तर तिथला काळा रंग तपकिरी होतो. हे मी एका मोठ्या पत्र्यावर, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री शिकलो.

करडी छटा

मी जवळजवळ फक्त कृष्णधवल छायाचित्रण करते, त्यामुळे माझा अनुभव धागाकर्त्यांइतका सुखाचा नाही. या रिबनमध्ये काळा पट्टाच नसतो. ओळखपत्रे छापणाऱ्या यंत्रांच्या रिबनमध्ये काळा असतो, पण तो अक्षरांसाठी. छायाचित्राचा प्रत्येक करडा पिवळा, मॅजेंटा आणि सायन यांचा तोल साधून बनतो आणि तो तोल जरासा ढळला तरी करड्याला रंग चढतो. माझ्या प्रिंटमध्ये गडद सावल्या हिरवट आणि मधल्या छटा जांभळट, असा एकाच चित्रात दोन्ही बाजूंना कल दिसत असे. वर खिडकीपाशी पाहिलेली प्रिंट दिव्याखाली नेली की तिचा कल आणखी वेगळा वाटे.

स्वतःचे प्रोफाइल मोजून घेतल्यावर बरीच सुधारणा झाली, पूर्ण नाही. अखेर मी वाद घालणे सोडले आणि सगळ्या चित्राला मुद्दाम किंचित उबदार, तपकिरीकडे झुकणारी छटा द्यायला लागले. छटा हेतुपूर्वक आणि सर्वत्र सारखी असली की डोळा तिला स्वीकारतो. उगाच इकडेतिकडे रेंगाळणारा हिरवा त्याला खटकतो. तटस्थ करडा ज्यांना हवाच आहे त्यांनी करड्या शायांचा इंकजेट सोडू नये, असे माझे मत आहे.

साशंक

सगळे टिकाऊपणाबद्दल गप्प आहेत. रंग म्हणजे डाय, आणि डाय उडतो, हे आपण शाळेच्या सहीच्या पेनापासून पाहत आलो आहोत. पिगमेंटसमोर याचा टिकाव किती?

रिबनवाला

उजेडासमोर टांगायची प्रिंट असेल तर पिगमेंट शाईच श्रेष्ठ, यात वाद नाही. अल्बममधल्या प्रिंटसाठी कॅनन आपल्या सेल्फीबाबत १०० वर्षांपर्यंतचा दावा करते, पण तो उत्पादकाचा दावा आहे आणि अल्बममध्ये ठेवण्याच्या अटीवर आहे, हे विसरू नये. डाय-सबच्या बाजूने जाणारी गोष्ट म्हणजे ओव्हरकोट. रंगावर पारदर्शक थर बसलेला असल्याने हवेतल्या वायूंचा थेट मारा होत नाही, बोटांचे ठसे पुसता येतात आणि वर पाण्याचा थेंब पडला तरी शाई ओघळत नाही. यंत्रातून पडलेली प्रिंट त्याच क्षणी कोरडी असते. समारंभात दहा हातांतून फिरणाऱ्या प्रिंटला हे किती उपयोगी पडते ते मी रोज पाहतो.

मात्र या प्रिंटचे खरे शत्रू वेगळे आहेत. ज्या उष्णतेने रंग आत गेला तीच उष्णता त्याला हलवू शकते, म्हणून बंद गाडीत किंवा तापणाऱ्या वस्तूजवळ प्रिंट ठेवू नयेत आणि गरम दाबाने माउंट करू नयेत. मऊ व्हिनाइलपासून, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकपासून, तर कटाक्षाने लांब ठेवावे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळतात ती रंगाला आपल्याकडे ओढतात. मी एकदा स्वस्त पारदर्शक पाकिटांत पन्नासेक प्रिंट घालून ठेवल्या होत्या. काही महिन्यांनी उघडले तर पाकिटाच्या आतल्या बाजूला चेहऱ्याचा पुसट ठसा उमटला होता आणि प्रिंटमधला चेहरा फिका पडला होता. तेव्हापासून मी पॉलिप्रॉपिलीनची किंवा कागदाची पाकिटे वापरतो. पृष्ठभागावर चिकटपट्टी लावू नये, स्पिरिटने पुसू नये आणि दोन प्रिंट तोंडाला तोंड लावून वजनाखाली ठेवू नयेत, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

नवशिका

आणखी एक विचारतो. माझ्या मित्राच्या छोट्या यंत्रातून आलेल्या प्रिंटवर मधूनच तांबडे आणि निळे ठिपके दिसतात. रिबन खराब समजून बदलली तरी ते गेले नाहीत.

रिबनवाला

तो धुळीचा उपद्रव आहे आणि ठिपक्याचा रंगच तुम्हाला सांगतो की धूळ कधी आडवी आली. सायनच्या फेरीत कण मध्ये आला तर त्या जागी सायन उतरत नाही, उरलेला पिवळा आणि मॅजेंटा मिळून तांबडा ठिपका दिसतो. पिवळ्याच्या फेरीत आला तर निळा आणि मॅजेंटाच्या फेरीत आला तर हिरवा. कण चारही फेऱ्यांत कागदाला चिकटून राहिला तर ठिपका पांढरा राहतो. यासाठी कागदाचा ट्रे आणि रोलर साफ करावे, कागद कडेने धरावा, उरलेला कागद पाकिटात बंद करून ठेवावा आणि छोट्या यंत्राच्या मागे कागद बाहेर येतो ती जागा पुसून मोकळी ठेवावी.

ठिपक्याऐवजी प्रिंटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ बारीक रेघ येत असेल, तर हेडवर काहीतरी चिकटले आहे किंवा एखादा तापक गेला आहे. यंत्र बंद करून, हेड पूर्ण थंड झाल्यावर, धागे न सुटणाऱ्या फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रांग एकाच दिशेने हलक्या हाताने पुसावी. बोट लावू नये. पुसूनही रेघ तिथेच राहिली तर हेड बदलण्याला पर्याय नाही. एकदा दुसऱ्याच यंत्रासाठीची रिबन चालवून पाहण्याचा शहाणपणा मी केला होता, आणि त्याची किंमत एका हेडच्या रूपाने मोजली.

साशंक

वापरलेल्या रिबनचे तुम्ही काय करता? एका परिचिताने ती उजेडात धरून दाखवली, तेव्हा मी चकितच झालो.

रिबनवाला

योग्य जागी बोट ठेवलेत. जिथला रंग कागदावर गेला तिथे रिबन फिकी पडते, त्यामुळे वापरलेल्या प्रत्येक पट्ट्यावर छापलेल्या चित्राची निगेटिव्ह शिल्लक राहते. सायनच्या पट्ट्यावर चेहरा सहज ओळखू येतो, आणि कागदपत्र छापले असेल तर अक्षरे वाचताही येतात. समारंभाच्या रिबन मी कचऱ्यात अख्ख्या टाकत नाही. रोल उभा कापून त्याचे तुकडे करतो. लोकांचे चेहरे आपल्या हवाली केलेले असतात.

याच रिबनमुळे खर्चाचा हिशेब मात्र सोपा होतो. चित्र बर्फाचे असो की अमावस्येच्या रात्रीचे, चार पट्ट्यांचा एक संच खर्च होणारच. इंकजेटसारखे ‘हे गडद आहे, शाई फार जाईल’ असे मनात येत नाही. उलट अर्ध्या कागदावर छापून उरलेली रिबन वाचवता येत नाही. सहा बाय आठच्या रिबनवर फक्त एक चार बाय सहा काढायची असेल, तर रिबन मागे गुंडाळून उरलेला भाग वापरण्याची सोय काही यंत्रांत असते; घेण्यापूर्वी ती आहे का ते तपासून घ्यावे.

कागदकिडा

घेण्यापूर्वी तपासायची त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रिबन आणि कागद पुढे किती वर्षे मिळतील. या यंत्रांचे सामान त्या त्या मॉडेलपुरतेच असते. माझ्याकडे ऑलिंपसचा पी-४०० होता, ए४ आकाराचा आणि ३१४ डीपीआयचा. त्याच्या प्रिंट आजही माझ्या अल्बममध्ये डौलाने उभ्या आहेत, पण कंपनीने या व्यवसायातून अंग काढून घेतल्यावर रिबन मिळेनाशी झाली आणि धडधाकट यंत्र शोभेची वस्तू बनले. म्हणून ज्या मॉडेलची यंत्रे मोठ्या संख्येने व्यवसायात चालू आहेत तेच घ्यावे, भले त्याचे रूप ठोकळ्यासारखे असो.

उजेडवेडा

रिबनवाला यांनी सांगितलेली चाचणी काल रात्री केली. सरळ आणि फिरवलेली अशा दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून पाहिल्या. रेघ केसांच्या सगळ्या बाजूंनी होती आणि चित्राबरोबर फिरलीही होती, म्हणजे दोष शार्पनिंगचाच होता. ड्रायव्हरमधला आकडा मी कधी पाहिलाच नव्हता; तो मधोमध होता. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे फाइल बाहेर काढताना माझे सॉफ्टवेअर ‘ग्लॉसी कागद, जास्त’ असे शार्पनिंग करत होते, आणि तो पर्याय मीच कधीतरी इंकजेटसाठी निवडून ठेवला होता. इंकजेटच्या कागदावर शाई किंचित पसरते, त्यामुळे तिथे ते खपून जात होते.

दोन्ही बंद करून प्रिंट काढली तर ती थोडी मऊ वाटली. मग ड्रायव्हरचा आकडा शून्यावरच ठेवला आणि फाइल १२४० बाय १८४४वर आणल्यानंतर, अगदी शेवटी, अर्ध्या पिक्सेलच्या त्रिज्येचे हलके शार्पनिंग दिले. आता पांढरी रेघ नाही आणि कपाळावर आलेली एकेक बट सुटी दिसते. दहापट भिंगाखाली केसांच्या एकाच बाजूला, कागद सरकण्याच्या दिशेने, पुसटशी सावली अजून आहे. ती उष्णतेची असणार. भिंग बाजूला ठेवले की दिसत नाही, त्यामुळे तिच्याशी माझे भांडण नाही.

रंगाच्या बाबतीतही असाच दुहेरी कारभार चालू होता. फाइलला उत्पादकाचे आयसीसी प्रोफाइल लावत होतो आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्तीही चालू होती, त्यामुळे त्वचा तांबूस येत असे आणि मी दर वेळी हाताने लाल कमी करत बसे. ड्रायव्हरची दुरुस्ती बंद केल्यावर ते दुखणे एका झटक्यात गेले.

करडी छटा

हे वाचून मी माझा ड्रायव्हर उघडून पाहिला. माझ्याकडेही रंगदुरुस्ती चालूच होती. म्हणजे ज्या प्रोफाइलला मी नावे ठेवत होते ते मी त्या दुरुस्तीच्या वरूनच मोजले होते. मूळ यंत्राचा स्वभाव मी पाहिलाच नाही, असे म्हणायला हवे. आता दुरुस्ती बंद करून चौकटी विस्कटून छापेन आणि नव्याने मोजेन. एक शंका मात्र आहे: चौकटी ग्लॉसी फिनिशवर मोजाव्यात की मॅटवर? माझे यंत्र एकाच रिबनवर दोन्ही काढते.

रिबनवाला

ज्या फिनिशवर अंतिम प्रिंट काढणार त्यावरच मोजा आणि दोन्ही वापरत असाल तर दोन वेगळी प्रोफाइल ठेवा. मॅट फिनिश म्हणजे दुसरा कागद नसतो. ओव्हरकोट चढवताना हेड कमी-जास्त तापून त्या थरावर बारीक खडबडीतपणा उठवतो. त्याच्यावरून उजेड विखुरतो, म्हणून काळा थोडा उथळ दिसतो आणि मोजणीचे आकडे बदलतात. प्रिंटला वेळही जरा जास्त लागतो. मापन करण्यापूर्वी तीन-चार साध्या प्रिंट काढून यंत्र गरम होऊ द्या.

करडी छटा

तीन प्रिंट काढल्या, मग चौकटी छापल्या, मोजल्या आणि जुनेच चित्र नव्या प्रोफाइलने पुन्हा काढले. पावसाळी रस्त्यावरचे दृश्य आहे, अर्ध्याहून अधिक सावलीच. हिरवट कल गेला आहे. जांभळट कल मधल्या छटांत अजून किंचित जाणवतो, तोही खिडकीपाशी नेल्यावर. तपकिरी छटा न देता मी ही पहिलीच प्रिंट अल्बममध्ये लावली आहे.